छोट्या ट्रॅक्टरचे मागचे टायर : आधी उसाची सरी मोजा, मग दुकानात जा



आपल्या परतूर भागात गेल्या काही वर्षांत बैलजोड्या कमी होत गेल्या आणि त्यांच्या जागी पंधरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आले. सातोना, आष्टी, वाटूर, कुठेही जा, उसाच्या सरीतून फटफट करीत जाणारा छोटा ट्रॅक्टर दिसतोच. बगला फोडणे, बाळबांधणी, आंतरमशागत, मोठी बांधणी ही पूर्वी बैलाने होणारी कामे आता हा ट्रॅक्टर करतो. मजूर मिळत नाही आणि बैल सांभाळणे परवडत नाही, तेव्हा हे बरेच झाले.

परंतु ट्रॅक्टर घेताना आपण इंजिन पाहतो, अॅव्हरेज विचारतो, कर्जाचा हप्ता काढतो. मागचे टायर मात्र कंपनीने दिले तेच. आणि ते झिजले की दुकानदार जे दाखवील ते. "साहेब, जाड टायर टाकला म्हंजी घसरायचं काम नाही," असे सभासद मला सांगतात. पूर्वी मीही असेच म्हणत असे. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे, म्हणून आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

माझ्या सल्ल्याने झालेले नुकसान

चार वर्षांपूर्वी आपल्या एका सभासद काकांनी मला बांधावर थांबवून विचारले, "ट्रॅक्टरचे मागचे टायर गुळगुळीत झालेत, नवे कोणते घेऊ?" त्यांचा ऊस चार फूट सरीचा. ट्रॅक्टर दोन चाकी ओढीचा, मागचे टायर आठ इंची. दुकानदाराने त्यांना रिंगसहित साडेनऊ इंची टायर दाखवले होते. मी सरी मोजली नाही, ट्रॅक्टरची रुंदी मोजली नाही. "घ्या, जाड आहे, पकड चांगली राहील," एवढे बोलून मोटरसायकल पुढे काढली.

टायर बसवले. ते मडगार्डला घासू लागले म्हणून मेकॅनिकने डिस्क फिरवून चाके बाहेर काढून दिली. त्या वर्षी बांधणी झाली, लागणीचा ऊस बरा गेला. दुसऱ्या वर्षी खोडवा पाहायला गेलो तर ओळीच्या दोन्ही अंगांना फुटवाच नव्हता. बेटाच्या मधून चार-दोन कोंब आलेले, कडा मेलेल्या, आणि जागोजाग तुटाळे. पाणी दिले की सरीत तळे साचून राही, खाली मुरतच नसे. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, टायर तर तुम्हीच सांगितला होता."

मग मी टेप मागवला आणि दोघांनी मिळून मोजले. पूर्वी दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर २८ इंच होते. त्यात टायरची रुंदी ८ इंच मिळवली की बाहेरून बाहेर ३६ इंच. चार फुटाची सरी म्हणजे ४८ इंच. राहिले १२ इंच, म्हणजे प्रत्येक बाजूला ओळीच्या मध्यापासून ६ इंच. बेट चार-पाच इंच पसरते, तेव्हा चाक जेमतेम वाचून जात होते.

नव्या टायरनंतर मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ३१ इंच आणि टायर साडेनऊ, मिळून साडेचाळीस इंच. ४८ मधून साडेचाळीस गेले, राहिले साडेसात. बाजूला पावणेचार इंचच उरले. म्हणजे प्रत्येक फेरीला चाक बेटाच्या कडेवरून जात होते. ज्या डोळ्यांतून खोडव्याचा फुटवा यायचा तेच डोळे आपण चिरडत होतो.

टायर वाईट नव्हता, दुकानदारही लबाड नव्हता. मोजणी झाली नाही, एवढीच चूक. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत टेप असतो.

नुकसान किती होते याचा हिशेब घालून पाहा. चार फूट सरीत एका एकरात उसाची ओळ जवळजवळ १०,८९० फूट भरते. दर दहा फुटांत एकच बेट चाकाखाली दुखावले तरी एकरी हजाराच्या वर बेटे झाली. बेटामागे एक किलोचा एकच ऊस कमी आला तरी एकरी टनाहून अधिक तूट, आणि ती एका वर्षाची. खोडवा दोन वर्षे ठेवणाऱ्याला ती दोनदा सोसावी लागते.

टायरवरचे आकडे कसे वाचावेत

टायरच्या बाजूला मोठ्या अक्षरात "८.३-२४" किंवा "९.५-२४" असे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, इंचात. दुसरा आकडा तो ज्या रिंगवर बसतो तिच्या व्यासाचा, तोही इंचात. म्हणजे ८.३-२४ हा सव्वाआठ इंचाच्या आसपास रुंद आणि चोवीस इंची रिंगचा टायर. छोट्या ट्रॅक्टरला साधारणपणे ८.००-१८, ८.३-२०, ८.३-२४, ९.५-२४ अशी मापे येतात. पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला १२.४-२८, १३.६-२८, १४.९-२८ अशी मोठी मापे असतात. तेरा-चौदा इंच रुंदीचा टायर उभ्या उसाच्या सरीत घालायचा नसतो, हे आकडे वाचूनच कळावे.

त्याच्या जवळ "६ पी.आर." किंवा "८ पी.आर." असे लिहिलेले असते. हा टायरच्या ताकदीचा आकडा. पूर्वी टायरमध्ये सुती दोऱ्याचे थर असत, तेव्हा हा आकडा थरांचा होता. आता नायलॉनचे थोडे थरही तेवढेच वजन पेलतात, म्हणून आठ पी.आर. म्हणजे आत आठ थर असतीलच असे नाही. आकडा जास्त म्हणजे टायर जास्त हवा आणि जास्त वजन सोसतो. परंतु त्याची बाजूही ताठ होते आणि जमिनीवर तो कमी पसरतो. आंतरमशागतीच्या हलक्या कामाला उगीच जास्त पी.आर. घेऊन फायदा नाही.

आणखी एक चार अंकी आकडा लहान चौकटीत असतो. तो टायर कधी तयार झाला ते सांगतो. "१८२३" असेल तर २०२३ सालच्या अठराव्या आठवड्यातला. स्वस्तात मिळतो म्हणून चार-पाच वर्षे गोदामात पडलेला टायर घेऊ नका. रबर वाळते, आणि उन्हात बाजूला तडे जातात.

आर-१, आर-२, आर-३ : नक्षीची भानगड

मागच्या टायरवर आडवेतिडवे रबरी दाते असतात. त्या दात्यांच्या उंचीवरून आणि आकारावरून टायरचे प्रकार ठरले आहेत, आणि ते टायरवर इंग्रजी आर अक्षराने छापलेले असतात.

आर-१ हा नेहमीचा शेतीचा टायर. दाते मध्यम उंचीचे. कोरड्या आणि वाफशाच्या जमिनीत चालतो, रस्त्यावरही बरा टिकतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला हाच येतो.

आर-१ डब्ल्यू म्हणजे त्याहून पाचवा ते चौथा हिस्सा जास्त उंच दात्यांचा. ओलसर, चिकट जमिनीसाठी.

आर-२ चे दाते आर-१ च्या जवळजवळ दुप्पट उंच. टायर उद्योगात याचे नावच "ऊस आणि भाताचा टायर" असे आहे. नाव ऐकून आपला माणूस लगेच म्हणतो, "मग आपल्याला हाच पाहिजे!" इथे थांबा. हा टायर पाणी साचलेल्या भातखाचरासाठी आणि सतत चिखलात चालणाऱ्या उसाच्या शेतासाठी काढलेला आहे. दाते उंच आणि लांब-लांब अंतरावर, म्हणजे चिखल झटकला जावा. आपल्या शेतात आपण उसाला पाणी देतो, पण पाणी देऊन वाफसा आल्यावर औत घालतो. शिवाय आपला ट्रॅक्टर रोज घरापासून शेतापर्यंत खडीच्या रस्त्याने जातो, कधी डांबरी सडकेने परतूरला येतो. कडक रस्त्यावर आर-२ हादरे देतो, आणि उंच दाते लवकर झिजतात. तेव्हा नुसत्या "उसाचा टायर" या नावाला भुलू नये. शेजारी भाताचा प्रदेश असता तर गोष्ट वेगळी.

आर-३ ची नक्षी चपटी, उथळ असते. तो हिरवळीवर, मैदानावर चालवायच्या बागकामाच्या ट्रॅक्टरसाठी, म्हणजे हिरवळ दबू नये, उखडू नये. जुना आयात केलेला छोटा ट्रॅक्टर घेतला तर कधीकधी असे टायर बसवलेले मिळतात. फळबागेत गवत कापायला ठीक, सरीत ओढकामाला कुचकामी. आर-४ हा खोदकामाच्या यंत्रांचा. कडक आणि जड, शेतीला नको.

सारांश काय, आपल्या काळ्या जमिनीत आणि आपल्या रस्त्यांना बहुतेकांनी आर-१ घ्यावा. ज्यांची जमीन कालव्याकाठी किंवा दुधनेच्या काठी खोलगट, निचरा कमी असलेली आहे आणि ट्रॅक्टर रस्त्यावर फारसा जात नाही, त्यांनी आर-१ डब्ल्यू पाहायला हरकत नाही.

हवेचा टायर आला कसा

थोडी गंमत म्हणून सांगतो. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके आणि त्यांवर लोखंडी खिळे असत. रस्ते फुटत, म्हणून त्यांना रस्त्यावर येऊ देत नसत. १९३२ साली, म्हणजे आपल्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले त्याच साली, अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरला फायरस्टोनचे कमी हवेचे रबरी टायर बसवले गेले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर नांगर कसा ओढणार, असे ते म्हणत. मग कंपनीने ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या, आणि १९३३ मध्ये बार्नी ओल्डफिल्ड नावाच्या मोटारशर्यतीच्या प्रसिद्ध चालकाने रबरी टायरचा ट्रॅक्टर ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवून दाखवला. आपल्याला शर्यत लावायची नाही. पण मुद्दा ध्यानात ठेवा : त्या टायरचा गुण जाडी नव्हता, कमी हवा हा होता. कमी हवेमुळे टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि जमीन कमी दबते.

आता तर शेतीचे टायर आपल्या जवळच तयार होतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या बीकेटीच्या कारखान्यातून शेतीचे टायर परदेशात जातात. तेव्हा चांगला टायर मिळत नाही असे म्हणायला जागा नाही. योग्य तो निवडायचा कसा, एवढाच प्रश्न.

पहिली गोष्ट : सरी आणि बाहेरची रुंदी

टायर घेण्यापूर्वी घरीच हे गणित करा. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. एका मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरा. हा झाला "बाहेरचा पन्ना". नवा टायर जितका जास्त रुंद, तितका हा पन्ना वाढणार. आता शेतात उसाच्या दोन ओळींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. सरीतून पन्ना वजा करा, उरेल त्याचे निम्मे करा. ही चाकापासून ओळीच्या मध्यापर्यंतची मोकळी जागा. ती प्रत्येक बाजूला सहा इंचांच्या खाली जाऊ नये. नऊ-दहा इंच मिळाली तर उत्तम.

उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचा पन्ना ३८ इंच धरू.

तीन फूट सरी, म्हणजे ३६ इंच : ट्रॅक्टर आत शिरतच नाही. बैल किंवा पॉवर टिलर.

चार फूट सरी, म्हणजे ४८ इंच : बाजूला ५ इंच. धोक्याचे. चाके आत घेऊन पन्ना ३६ च्या आत आणता आला तरच घाला.

पाच फूट सरी, म्हणजे ६० इंच : बाजूला ११ इंच. निर्धास्त.

जोडओळ पट्टा तीन-सहा फूट, म्हणजे मधला पट्टा ७२ इंच : बाजूला १७ इंच. मोठी बांधणीसुद्धा आरामात.

यावरून कळेल की प्रश्न खरे म्हणजे टायरचा कमी आणि सरीचा जास्त आहे. नवी लागण करताना पाच फूट सरी किंवा पट्टा पद्धत धरा, असे आम्ही शेतकी खात्याचे लोक वारंवार सांगतो ते यासाठीच. पुढेमागे ऊस तोडणी यंत्र आले तरी त्याला पाच फुटांची सरी लागते. ठिबक असेल तर पट्ट्यात नळी जोडओळीच्या मध्ये राहते आणि चाक मोकळ्या पट्ट्यातून जाते. नळी चाकाखाली येत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरांना डिस्क आणि रिंग उलटसुलट बसवून चाकांतले अंतर कमी-जास्त करता येते. पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो. मात्र चाके अगदी आत घेतलेला ट्रॅक्टर बांधावर, चारीच्या कडेला, वळणावर लवकर कलंडतो. सरीतले काम झाले की अंतर पुन्हा वाढवा. चाके आत घेतलेली ठेवून ट्रॉली जोडू नका. पोराबाळांना मडगार्डवर बसवून तर मुळीच नेऊ नका.

दुसरी गोष्ट : वाफसा

आपली काळी जमीन चिकणमातीची. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. ओली असताना तिच्यावर वजन पडले की मातीतल्या पोकळ्या मिटतात. टायर जमिनीच्या वरच्या थराला साधारण आपल्या हवेच्या दाबाइतके दाबतो. खोल थर मात्र ट्रॅक्टरच्या एकूण वजनाने दबतो. म्हणून रुंद टायर घेतला, हवा कमी केली, तरी ओल्या शेतात घातलेला ट्रॅक्टर खाली तवा तयार करतोच. मग मुळ्या आडव्या पसरतात, पाणी मुरत नाही, खोडवा पिवळा पडतो.

वाफसा पाहायची सोपी रीत : वीतभर खोलीची मूठभर माती घ्या, तळहातावर वळून पाहा. दोरीसारखी वळली तर अजून ओल जास्त, ट्रॅक्टर बांधावरच ठेवा. लाडू झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला तर काम करा. निसर्गाने वाफसा दिलेला नसेल तर कोणताही टायर चांगला नाही, आणि वाफसा असेल तर साधा आर-१ सुद्धा चांगला आहे.

तिसरी गोष्ट : हवा आणि वजन

आपल्याकडे हवा "डोळ्याने" भरतात. टायर फुगलेला दिसला की झाले. आंतरमशागतीला छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात बहुधा १२ ते १६ पौंड हवा पुरते. नक्की आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, तोच शेवटचा शब्द. ट्रॉली जोडून रस्त्यावर जाताना हवा वाढवावी लागते, आणि शेतात परत आले की कमी करावी. हवा मोजायचे यंत्र फार महाग नसते. गटातल्या चार-पाच सभासदांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

जास्त हवा असेल तर टायरचा मधला भागच जमिनीला टेकतो, दाते मधोमध झिजतात, चाक घसरते. फारच कमी असेल तर बाजू दुमडून तडकते आणि रस्त्यावर टायर तापतो.

टायरात पाणी भरावे का, हा प्रश्न नेहमी येतो. नांगरटीला, जड ओढकामाला पाणी भरून वजन वाढवले तर पकड वाढते. वॉल वर ठेवून त्या पातळीपर्यंत, म्हणजे तीन चतुर्थांश भरायचे, वर हवा ठेवायची. परंतु उसात बगला फोडायला आणि भरणीला हे वजन नको. तिथे हलका ट्रॅक्टर हवा. पाणी भरलेल्या टायरने वर्षभर आंतरमशागत करणारे सभासद मी पाहिले आहेत. ते जमीनच दाबत असतात.

घसरट मोजा, मग टायर बदला

टायर बदलायची वेळ झाली की नाही हे नुसते पाहून ठरवू नये. एक सोपा प्रयोग आहे. मागच्या टायरच्या बाजूला खडूने खूण करा. औत वर उचलून, मोकळ्या ट्रॅक्टरने चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि तेवढे अंतर मोजा. मग औत जमिनीत घालून नेहमीच्या कामात पुन्हा दहा फेरे मोजा. मोकळे ३० मीटर आले आणि कामात साडेसव्वीस, तर घसरट झाली साडेतीन मीटर, म्हणजे शंभरात बारा-एक. दहा ते पंधरा टक्के घसरट चालते. त्याहून वर गेली तर डिझेल जाते आणि सरीत घासून माती चकचकीत होते. मग आधी हवा पाहा, मग औताची खोली पाहा, वाफसा पाहा. एवढे करूनही घसरट तीच राहिली आणि दाते निम्म्याहून जास्त झिजलेले असले, तर टायर बदला. अगदीच कमी, दोन-चार टक्के घसरट असेल, तर ट्रॅक्टर कामाच्या मानाने उगीच जड आहे असे समजा.

बदलताना काय पाहावे

मागचे दोन्ही टायर एकदम बदला. एक नवा, एक जुना असला की दोन्हींची उंची वेगळी पडते, ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि आतले गिअर सारखे राबतात.

चारचाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल तर मागच्या टायरचे माप मुळीच बदलू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे कंपनीने हिशेबाने बसवलेले असतात. मागचा टायर उंच किंवा बुटका झाला की पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात, टायर झिजतात आणि गिअरबॉक्सचा खर्च येतो. असाच बदल करायचा झाला तर पुढचेही त्या हिशेबाने बदलावे लागतात. ते काम कंपनीच्या माणसाला विचारूनच करावे.

टायर बसवताना दिशा पाहा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले की दात्यांचे टोक वर, घराच्या आढ्यासारखे दिसले पाहिजे. बाजूला बाणही असतो. उलटा बसला तर दात्यांत माती भरते आणि पकड जाते. ही चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी महिनाभर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

रेडियल टायर जमिनीवर जास्त पसरतो, जमीन कमी दाबतो, पण महाग पडतो. शिवाय तोडणीनंतर तिरपे राहिलेले उसाचे बुडखे त्याच्या मऊ बाजूत घुसण्याची भीती असते. आपल्या खोडव्यात चालायला साधा, तिरप्या थरांचा टायर परवडतो. बुडखे जमिनीलगत छाटल्याशिवाय आणि पाचट सरीत नीट बसवल्याशिवाय कोणताही टायर आत घालू नका. बुडखे छाटणे हे खोडव्यासाठी तर करायचेच असते. टायर वाचतो तो वरचा फायदा.

जुन्या टायरवर नवे रबर चढवून मिळते. आतले थर शाबूत असतील तर ओढकामाला चालते. बाजूला तडा किंवा फुगवटा असेल तर घेऊ नका.

त्या काकांचे पुढे काय झाले

काकांनी तो खोडवा मोडला. नवी लागण पाच फूट सरीने केली, जुन्या मापाचे आठ इंची आर-१ टायर पुन्हा बसवले, चाके आत घेतली. बाजूला बारा इंच मोकळी जागा राहिली. जाड टायर त्यांनी मोठ्या ट्रॉलीच्या कामाला दुसऱ्याला विकले, थोडा तोटा सोसला. गेल्या वर्षी त्यांचा खोडवा पाहायला गेलो. बेट दोन्ही अंगांनी भरलेले होते. त्यांनी चहा दिला आणि विचारले, "साहेब, टेप आणलाय का?" मी पिशवीतून काढून दाखवला.

थोडक्यात सांगायचे तर : सरी मोजा, पन्ना मोजा, बाजूला सहा इंचांच्या खाली जागा ठेवू नका. आर-१ घ्या, नावाला भुलू नका. वाफशावरच शेतात जा. हवा यंत्राने मोजा. दोन्ही टायर एकदम बदला.

टायर घेण्यापूर्वी ज्यांना मोजणी करून हवी असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे नाव नोंदवावे. आम्ही बांधावर येऊ. दुकानात जाऊन आल्यावर बोलावू नका, जाण्यापूर्वी बोलवा, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी